टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक: डर्ट बाइकसाठी भरवशाचे इंजिन कोणते?

या दोहोंत अडलेल्यांनी आधी बिघाडाचे स्वरूप पाहावे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) प्रत्येक फेरीला ज्वलन होते आणि वंगण बहुधा पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलातूनच मिळते, त्यामुळे पिस्टन व रिंगा लवकर झिजतात. मात्र फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह (इंधन-हवा आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) आणि ते उघडणारा कॅमशाफ्ट नसल्याने सिलिंडर उतरवून नवा पिस्टन घरच्या घरी बसवता येतो. ऑइल मिसळायला विसरलात, तर पिस्टन जाम झालाच म्हणून समजा. फोर-स्ट्रोकमध्ये ज्वलन दोन फेऱ्यांत एकदाच होते आणि ऑइल स्वतंत्र असते, म्हणून झीज सावकाश होते. पण व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर आदळला, की खर्च कित्येक पटींनी वाढतो. शर्यतीच्या फोर-स्ट्रोकमध्ये तर व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधले बारीक अंतर वेळोवेळी तपासावेच लागते. स्वतः पाना हाती धरणाऱ्याने टू-स्ट्रोक घ्यावी. लांबच्या, संथ रानवाटांसाठी साधी एअर-कूल्ड (हवेने थंड होणारी) फोर-स्ट्रोक मला अधिक भरवशाची वाटते.