शांघायच्या भाड्याच्या घरातलं स्वयंपाकघर : दहा महिन्यांनंतर

रोज पोळी-भाजी-वरण-भात लागणाऱ्या चौघांच्या घराचा हा हिशोब. भाज्या, कोथिंबीर, मिरच्या, आलं, अख्खे मूग, सगळं मिळतं. घोडं अडतं ते शेगडी, पीठ आणि कचरा इथे.

शेगडी बहुतेक घरांत दोन बर्नरची, काचेची. ज्योतीचं कडं मोठं, तिकडच्या खोलगट कढईसाठी केलेलं. त्यावर तवा ठेवला की पोळीच्या कडा करपतात आणि मध्यभागी कच्ची राहते. आतलं छोटं कडंच पेटवा आणि बिडाचा जाड तवा पाचेक मिनिटं तापू द्या. बटण फिरवल्यावर 3-4 सेकंद दाबून धरायचं. ज्योतीशेजारची बारीक दांडी तापली नाही तर गॅस आपोआप बंद होतो. वरण उतू जाऊन ती दांडी माखली की शेगडी पेटते आणि लगेच विझते. मेकॅनिक बोलवण्याआधी कोरड्या फडक्याने पुसून बघा. नुसती ठिणगीची टकटक मंदावली असेल तर शेगडीखालच्या डबीतला जाडा सेल बदला.

आता पीठ. पांढरं पीठ म्हणजे मैदाच, पोळी गार झाली की चामडं. 'छ्वानमाय' म्हणजे गव्हाचं अख्खं पीठ, पण पुष्कळदा कोंडा जाडसर आणि कणीक चिरते. दोन वाट्या चाळलेलं छ्वानमाय, एक वाटी पांढरं पीठ, कोमट पाणी, वर चाळीस मिनिटं झाकून ठेवणं. एवढ्यावर घडीची पोळी जमते. फुलका मात्र दहातले सहाच फुगतात.

दह्याला फसू नका. पाकिटावर 'वूचथांग' असलं तरी अर्थ फक्त 'साखर घातलेली नाही' एवढाच. दुसरं गोडवा आणणारं काही असू शकतं. घटकांत दूध आणि विरजण एवढंच असेल तेच विरजणाला घ्या. टिकाऊ पाकिटातलं दूध उकळायची गरज नाही, कोमट करून लावलं की झालं.

बाजारात भाव 'चिन'ला सांगतात आणि चिन म्हणजे 500 ग्रॅम. किलोचा समजून स्वस्ताईवर खूश होऊ नका. तूरडाळ साध्या दुकानात शोधण्यात वेळ घालवू नका. शेजारच्या झेजियांग प्रांतातल्या यीवू किंवा खछ्याओ या व्यापारी गावांत भारतीय किराणा दुकानं आहेत, तिथून कुरिअरने मागवा.

कचऱ्याचे चार भाग 1 जुलै 2019 पासून सक्तीचे आहेत: ओला, सुका, पुनर्वापराचा, धोकादायक. बहुतेक वसाहतींत टाकायच्या वेळा सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या असतात. ओल्याची पिशवी फोडून आतलं डब्यात ओतायचं आणि पिशवी सुक्यात. चहाचा चोथा ओला, पण नारळाची करवंटी सुकी.