बरडाच्या बांधावर अंजन गवत : वीस महिन्यांचा अनुभव

धुळे तालुक्यात आमचं चार एकर, त्यातला वरचा कोपरा निव्वळ बरड. चार बोटं माती, खाली मुरूम. कपाशी तिथे कधी गुडघ्याच्या वर गेली नाही. घरी दोन गायी, तीन शेळ्या, आणि फेब्रुवारी लागला की कडबा विकतचा. म्हणून 2023 च्या जुलैत त्या बांधावर अंजन गवत लावलं. आता मार्च 2025 चालू आहे. दोन पावसाळे आणि एक अख्खा उन्हाळा पाहून झाला, म्हणून लिहितोय.

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे अंजन म्हटलं की सातपुड्यातलं झाड आठवतं, ज्याचा पाला शेळ्या खातात. हे ते नव्हे. हे बहुवर्षायू गवत, एकदा जीव धरला की वर्षानुवर्षं त्याच ठोंबातून फुटतं. तुरा बोटभर लांब, केसाळ. कोवळा असताना जांभळट, पिकला की पेंढ्याच्या रंगाचा. कुसळी गवताचं कुसळ ढोरांच्या तोंडात रुततं, मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरतं. अंजनाचा तुरा तळहातावर चोळून पाहा, मऊ लागतो.

बियाण्यात मी फसलो. अर्धा किलो बी आणलं. पिशवीवर ते कधी काढलं याची तारीख नव्हती आणि विकणाऱ्यानेही सांगितलं नाही. ताज्या बियाला सुप्तावस्था असते, काही महिने ठेवलेलं बी बरं उगवतं, हे मला नंतर कळलं. त्यात मी ते ज्वारीसारखं खोल पेरलं. ओळीच्या ओळी रिकाम्या राहिल्या. उरलेलं बी मडक्यात ठेवून पुढच्या जूनमध्ये पेरलं, तेव्हा मात्र छान उगवलं. बी कापसासारखं हलकं असतं, एकमेकांत गुंततं, वाऱ्यावर उडतं. ओलसर मातीत कालवून ओळीत टाकायचं आणि वरून बाभळीची फांदी फिरवायची, बस. सेंटिमीटरभराहून जास्त माती नको. हेक्टरी 4 ते 6 किलो बी लागतं, आपल्याला बांधापुरतं मूठ-दोन मूठ पुरे.

माझा खरा भरवसा ठोंबांवर. एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून ठोंब आणून फोडले आणि दोन ओळींत, हात-हात अंतरावर, 220 लावले. नंतर तो ऑगस्ट आला. 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. कपाशी माना टाकत होती. अंजनाची पानं दुपारी गुंडाळून दाभणासारखी झालेली, शेंडे करपलेले. मला वाटलं, गेलं. एक ठोंब कुदळीने उकरून पाहिला, तर वर वाळलेल्या काड्या आणि खाली पांढरी, ताजी मुळं मुरमाच्या फटीत शिरलेली. तो ठोंब मी परत दाबून लावला, तोही जगला. 220 पैकी 31 मेले. पाणी एकदाच दिलं होतं, लावताना.

पहिल्या वर्षी जनावर अजिबात सोडू नका, यात तडजोड नाही. कोवळा ठोंब शेळीच्या ओढीने मुळासकट येतो. मी बोरीच्या काट्या लावल्या. निंदणीही त्याच वर्षी दोनदा करावी लागली, पुढे गरज पडली नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात तीन कापण्या मिळाल्या. विळा जमिनीपासून सात-आठ बोटं वर ठेवायचा, त्याखाली कापलं तर फुटवा मंदावतो. तुरे निसवायला लागले की लगेच कापा. पिकून काडी झाली की प्रथिनं घटतात आणि गायी देठ सोडून देतात. सुरुवातीला माय म्हणाली होती, हे गायी काय खाणार! आता कुट्टीत कडब्याबरोबर मिसळून तीच घालते. शेजारचे नाना बांधावर थांबून विचारायचे, "हाई काय शे भाऊ? ढोरे खातस का?" त्यांच्या देखत शेळीपुढे पेंढी टाकली, मग पटलं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घोडा आणला असेल, तर मात्र त्याला रोज नुसतं अंजन घालू नका. त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवतं आणि घोड्याची हाडं कमकुवत होतात.

पाणी साचलेलं याला चालत नाही. गेल्या सप्टेंबरात बांधाच्या खालच्या टोकाला पाणी तुंबलं आणि तिथले अठरा ठोंब पिवळे पडून कुजले. ज्यांची जमीन काळी, चिबड आहे त्यांनी मारवेल गवत लावावं, तेच बरं. एवढ्यापुरता मी अंजनाचा आग्रह धरणार नाही.

आणखी एक काळजीची गोष्ट. बी वाऱ्याने जातं. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेतल्या ॲरिझोनात हेच गवत चाऱ्यासाठी नेलं, ते रानात पसरलं आणि वाळल्यावर आगींना खाद्य झालं. ते आपल्याकडचंच असलं, तरी आपल्या माळावरचं पवन्या गवत दाबून तिथे अंजन फेकू नये असं माझं ठाम मत आहे. बांध, पडीक तुकडा, गोठ्यामागची जागा, इथे लावा.

चार एकरांचा चारा यातून सुटला नाही. पण यंदा कडबा फेब्रुवारीऐवजी मार्चच्या मध्याला घ्यावा लागला आणि त्या कोपऱ्यातली माती पावसात वाहून जायची थांबली. बांधाला अडून गाळाचा वीतभर थर साचला आहे. मृगाच्या पावसानंतर जुने ठोंब फोडायचे आहेत. चाळीसेक नानांनी आत्ताच मागून ठेवलेत.