1/55 वाल्किरी: फिरवायची मजा अजून हिच्यातच आहे

वाल्किरी म्हणजे मॅक्रॉस या जपानी सिरीजमधलं रोबो होणारं लढाऊ विमान. तिचं सगळ्यात भारी खेळणं कुठलं हा विषय मेका, म्हणजे मोठ्या रोबोंच्या, अ‍ॅनिमेवाल्यांमध्ये निघाला की बहुतेक जण नव्यातलं नवं आणि मोठ्यातलं मोठं नाव घेतात, आणि दिसण्यापुरतं बोलायचं तर ते बरोबरच आहेत. पण माझं मत विचाराल तर ट्रान्सफॉर्म होणारं खेळणं हे आधी हातात घेऊन फिरवायचं असतं, शोकेसमध्ये कसं दिसतं ते नंतर बघायचं. आणि त्या हिशोबाने 1/55 ची, म्हणजे खऱ्याच्या 55 पट लहान मापातली वाल्किरी, मूळ 1982 सालचं ताकाटोकू या जपानी खेळणी कंपनीचं डिझाइन जे बंडाई कंपनीने पुढे परत परत काढलं, ती अजूनही एक नंबर आहे. माझ्याकडे री-इश्यूवाली, म्हणजे पुन्हा काढलेली, व्हीएफ-1एस मॉडेलची वाल्किरी आहे, तीच, कवटीवाली, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, सिरीजमधल्या रॉय फोकर या पायलटची. त्याच पीसबद्दल लिहितोय.

आधी थोडं मागचं सांगतो, कारण त्याशिवाय हे खेळणं एवढं खास का आहे ते कळणार नाही. 1974 ला गेटर रोबो ही सिरीज आली तेव्हा पडद्यावर तीन विमानं एकमेकांवर आपटायची आणि त्यातून रोबो उभा राहायचा, बघायला जबरदस्त, पण आकार असे ताणले जायचे, वितळल्यासारखे व्हायचे की खऱ्या वस्तूत ते जमणं शक्यच नव्हतं. म्हणजे अ‍ॅनिमे एक दाखवणार आणि खेळणं दुसरंच काहीतरी करणार. मॅक्रॉसमध्ये डिझायनर शोजी कावामोरीने हे पार उलटं केलं. तो लेगोचे ठोकळे जोडून ट्रान्सफॉर्मेशन आधी हाताने जमवून बघतो हे फॅन लोकांना माहीतच आहे, आणि वाल्किरी बघितली की ते पटतं. एफ-14 टॉमकॅटसारखं पंख मागे दुमडणारं विमान, त्याची दोन इंजिनं म्हणजेच रोबोचे पाय, मागची नोझल उघडली की पावलं, विमानाच्या पोटाखाली डोकं, दोन इंजिनांच्या मधल्या जागेत हात. काहीही गायब होत नाही आणि काहीही हवेतून येत नाही. ऑक्टोबर 1982 ला सिरीज सुरू झाली आणि त्याच काळात ताकाटोकूचं 1/55 दुकानात आलं, पडद्यावर जे दिसायचं तेच पोरांना हातात करता यायचं. माझ्या मते ट्रान्सफॉर्म होणाऱ्या खेळण्यांच्या इतिहासात यापेक्षा मोठी गोष्ट झालेली नाही.

आता खेळणं. हातात घेतल्यावर पहिलं जाणवतं ते वजन. यात डायकास्ट धातू आहे आणि तो नुसता वजन वाढवायला घातलेला नाही, जिथे ताण येतो तिथे आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाय ज्याच्यावर फिरतात ते धातूचे आर्म. वाल्किरीच्या ट्रान्सफॉर्मेशनमधली खरी अवघड जागा हीच आहे, कारण फायटर (विमान) मोडमध्ये पाय मागच्या बाजूला असतात आणि बॅट्रॉइड (रोबो) मोडमध्ये तेच पाय पुढे येऊन विमानाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना बसायला लागतात, म्हणजे पायांना बराच मोठा प्रवास करायचाय, तोही न तुटता आणि न निघता. ताकाटोकूच्या इंजिनियर लोकांनी यावर काढलेला उपाय अगदी सरळ आहे, एक दणकट आर्म, तो झोका घेतो आणि पाय आपल्या जागी जातो. बास. गंमत अशी की बरीच वर्षं गेल्यावर, 2000 नंतर यामातो कंपनीने 1/60 मध्ये जास्त सुबक वाल्किरी काढली तेव्हा पहिल्या आवृत्तीत पाय काढून परत लावायला लागायचे, पुढच्या आवृत्त्यांमध्ये मग त्यांनीही न काढता होणारं ट्रान्सफॉर्मेशन दिलं. म्हणजे 1982 च्या लोकांनी पहिल्याच फटक्यात काय जमवलं होतं ते बघा.

फायटरमधून गर्वॉक करायला काही क्षण पुरतात. पाय खाली सोडायचे, गुडघे उलटे वाकवायचे, हात बाहेर काढायचे, झालं. गर्वॉक हा अर्धं विमान अर्धा रोबो असलेला मोड दुसऱ्या कुठल्याही सिरीजमध्ये माझ्या मनात एवढा बसलेला नाही, आणि 1/55 मध्ये तो फार छान उभा राहतो कारण पाय जड आणि पावलं मोठी, त्यामुळे पुढे कलंडत नाही. मग बॅट्रॉइडसाठी नाक खाली दुमडायचं, पाय पुढे आणायचे, कॉकपिटवर शील्ड आणायचं, मागचा भाग पाठीवर घ्यायचा, पंख दुमडायचे, डोकं वर काढायचं. प्रत्येक स्टेपला काहीतरी जागेवर बसतं आणि ते हाताला कळतं. सूचनांचा कागद एकदा बघितला की परत लागत नाही, बोटांना पाठ होतं, आणि टीव्ही बघता बघता, फोनवर बोलता बोलता मी ती फिरवत असतो. हे मला मोठ्या, नव्या, डिटेलवाल्या वाल्किरीबरोबर करावंसं वाटत नाही, तिथे मी दिव्याखाली बसतो, नखं सांभाळतो, कुठला पार्ट आधी आणि कुठला नंतर ते आठवत बसतो. त्यालाही एक मजा आहे, नाही म्हणत नाही, पण ती मॉडेल बनवण्याची मजा आहे, खेळण्याची नाही.

दिसायला? इथे मोकळेपणाने सांगायला पाहिजे. बॅट्रॉइड मोडमध्ये ही वाल्किरी जाडजूड आहे. अ‍ॅनिमेतला रोबो उंच, कंबरेत बारीक, चपळ वाटतो, ही पहिलवानासारखी रुंद उभी राहते. कंबर वळत नाही, पोझ अगदी मोजक्या, गुडघ्यावर बसवून नेम धरायला लावणं वगैरे विसरा. गनपॉड, म्हणजे तिची बंदूक, हातात येतो तेवढा पुरे. फायटर मोड मात्र आजही देखणा आहे, थोडा फुगीर पण देखणा, पंखाखाली मिसाइल लावली की अजून छान. स्टिकर आपले आपण लावायचे आहेत, सावकाश लावा, चिमटा वापरा. ज्यांना पडद्यावरचा अचूक आकार पाहिजे त्यांनी सरळ बंडाईच्या डीएक्स चोगोकिन लाइनमधली 1/48 घ्यावी, फायटर मोडमध्ये ती जवळपास 30 सेंटीमीटर भरते आणि तिन्ही मोडमध्ये रेषा अगदी अ‍ॅनिमेतल्यासारख्या. त्या लाइनबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. फक्त ती उचलताना हात आपोआप सावध होतो आणि 1/55 उचलताना होत नाही, माझ्यासाठी सगळा फरक तिथेच पडतो.

ट्रान्सफॉर्मर्सवाल्यांनी तर हे खेळणं एकदा हाताळायलाच पाहिजे, कारण तुमचा 1985 चा जेटफायर म्हणजे हेच. 1984 ला ताकाटोकू बुडाली, साचे बंडाईकडे गेले, आणि अमेरिकन कंपनी हॅस्ब्रोने तेच खेळणं लाल बूस्टर लावून ट्रान्सफॉर्मर्समध्ये आणलं. हक्कांच्या भानगडीमुळे कार्टूनमध्ये त्याला स्कायफायर केलं आणि चेहरामोहराही बदलला, त्यामुळे खेळणं आणि कार्टून वेगवेगळी दिसतात ते का हे आता कळलं असेल. आणि कावामोरीने ताकारा कंपनीच्या डायाक्लोन या खेळण्यांच्या लाइनसाठीही काम केलेलं आहे, ज्यातून पुढे ऑप्टिमस प्राइम आला, त्यामुळे मॅक्रॉसवाले आणि ट्रान्सफॉर्मर्सवाले आपापसात भांडतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, अरे सगळे एकाच घरातले आहात!

घ्यायची असेल तर माझा सल्ला, 80 च्या दशकातला ओरिजिनल पीस फक्त संग्रहासाठी घ्या, फिरवायला री-इश्यूच घ्या. जुन्या पांढऱ्या प्लास्टिकचा रंग पिवळा पडतो, ऊन आणि उष्णता लागली की अजून लवकर पडतो, आणि पांढऱ्या जेटफायरमध्ये तर ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. हायड्रोजन पेरॉक्साइडने काही लोक परत पांढरं करतात पण स्टिकर आधी काढावे लागतात आणि पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो, म्हणून थेट उन्हात न ठेवणं हाच खरा इलाज. सेकंडहँड घेताना फोटोत तीन गोष्टी मागून घ्या, पायांचे धातूचे आर्म दोन्ही बाजूंनी, पंखांचे जॉइंट जवळून, आणि डोक्यावरच्या लेझर. लेझर यासाठी की त्या बारीक असल्यामुळे आधी तुटतात, आणि दुसरं म्हणजे मॉडेलची ओळख त्यांच्यावरूनच होते, व्हीएफ-1ए ला एक, जे ला दोन, एस ला चार. एस म्हणून विकतायत आणि डोक्यावर दोनच दिसतायत तर एकतर तुटलंय नाहीतर डोकं बदललंय. नकली पीससुद्धा या साच्यावरून भरपूर निघालेत, त्यात धातूच्या जागी प्लास्टिक असतं, म्हणून वजन विचारा आणि कंपनीचा शिक्का बघा.

जमलं तर सुपर पार्ट्सवाला सेट बघा, पाठीवरचे बूस्टर आणि पायांवरची आर्मर वेगळी लावता-काढता येते. मी मात्र माझी बहुतेक वेळ बिनआर्मरचीच ठेवतो, फिरवायला सुटसुटीत पडते.