मोहिमेला तोंड कसं द्यायचं हे शिकवणारे सल्लागार, आमचा अनुभव

सांडपाण्यावरून एका गटाने आमच्या कंपनीविरुद्ध ऑनलाइन मोहीम सुरू केली तेव्हा साहेब थेट वकिलाची नोटीस धाडायला निघाले होते, म्हणून घाईघाईत हे सल्लागार बोलावले आणि खरं सांगते, बरं झालं बोलावले. पहिल्याच मीटिंगला त्यांनी २०१० चं नेस्लेचं प्रकरण सांगितलं, पाम तेलावरून ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने किटकॅटवर व्हिडिओ काढला, कंपनीने तो यूट्यूबवरून उतरवायला लावला तर उलट जास्तच पसरला आणि दोन महिन्यांत कंपनीला जंगलतोडीशी संबंध असलेले पुरवठादार वगळू असं जाहीर करावं लागलं. नोटीस तिथेच बारगळली.

मग गटाचे पाचही आरोप फळ्यावर लिहिले आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न, "हे खरंय का?" तीन खरे निघाले, खोलीत सगळे गप्प. मला हेच सगळ्यात आवडलं, नाहीतर बरेच जण नुसती प्रेस नोट रंगवून देतात. पाण्याचे रिपोर्ट आम्हाला स्वतःहून द्यायला लावले, गटासोबतच्या बैठकीला पीआरवाल्याऐवजी प्लांटचा इंजिनिअर बसवला.

तक्रार एकच, कामगारांना काय सांगायचं याकडे त्यांनी फार उशिरा लक्ष दिलं, आमच्याच माणसांना सगळं व्हॉट्सॲपवरून कळत होतं.