शाईचा ब्रश की टॅब्लेट?

भाची कॉमिक्स काढते आहे. पेन्सिलीचं काम झालं, अडलंय त्या रेघा शाईने पक्क्या करण्यापाशी: ब्रश घ्यावा की चित्रं काढायचा डिजिटल टॅब्लेट?

ब्रश स्वस्त, पण कागद, शाई, स्कॅनिंगचा खर्च चालूच राहतो. टॅब्लेटला एकदाच, पण मोठी रक्कम. चूक झाली तर कागदावर पांढरा रंग लावा, वाळू द्या. टॅब्लेटवर एक टिचकी. मात्र याच सोयीपायी एकेक रेघ दहादा पुसली जाते नि पान पुढे सरकत नाही. ब्रशची जाड-बारीक रेघ हाताला वळण लावते, शिवाय ११ बाय १७ इंचांचं मूळ पान आपल्याकडे उरतं. संवादांच्या फुग्यांतली अक्षरं मात्र संगणकावरच करावीत. वेलांट्या-उकारांसाठी ओळींतली जागा हवी तशी वाढवता येते.

दर आठवड्याला रंगीत भाग द्यायचा असेल तर टॅब्लेट. हात घडवायचा असेल तर ब्रश, आणि भाचीला मी तोच दिला.