तिथी बघून ठरवलेली देवबागची सहल

मुलांना घेऊन समुद्रावर जायचं तर आम्ही आधी हॉटेल शोधायचो. या वेळी आधी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी पाहिली, मग खोली घेतली. म्हणूनच ही सहल जमली असं मला मनापासून वाटतं.

२०२६ ची २६ जानेवारी सोमवारी होती आणि शुक्रवारी २३ तारखेला पंचमी. माझे सासरे मूळचे वेंगुर्ल्याकडचे. त्यांनी लहानपणापासूनचा हिशेब सांगितला: तिथीला पाऊणने गुणायचं, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पंचमीला भरती पावणेचारच्या सुमारास, म्हणजे सकाळी साडेनऊ-दहाला पाणी उतरलेलं. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. चार वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा बरोबर असताना कोवळ्या उन्हात पाणी उथळ मिळणं ही केवढी सोय!

गुरुवारी रात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडली आणि सकाळी कुडाळला उतरून गाडीने मालवणजवळच्या देवबागला पोहोचलो. ही जमिनीची अगदी चिंचोळी पट्टी आहे, एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. आम्ही उतरलो ते घर नदीच्या बाजूचं होतं. दोन खोल्या, मोठी पडवी, माडांची सावली. खोलीचे दिवसाला दोन हजार, जेवण वेगळं. घरच्या काकूंनी आल्या आल्या बजावलं, "पोरांक सकाळीच न्हेवा, दुपारी पाणी वाढतला." सासऱ्यांचा हिशेब आणि काकूंचा शब्द जुळले, तेव्हा माझी काळजी निम्मी झाली.

तीन सकाळी मुलं नदीकाठी ओल्या वाळूत बसली. मुलगी खेकड्यांची बिळं मोजत होती, मुलगा कालव काढत होता. पाणी गुडघ्याच्याही खाली, तरी आमच्यातलं एक जण कायम हाताच्या अंतरावर. समुद्राच्या बाजूला लाटा जोराच्या असतात. तिथे फक्त संध्याकाळी वाळूत चालायला गेलो, पाण्यात नाही.

जेवणाबद्दल लिहावं तेवढं थोडं. सकाळी घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस. माझी मुलगी घरी दोन घास खाताना रडते, तिने इथे तीन घावणे संपवले. मुलांच्या आमटीत तिखट कमी, सुरमईच्या तुकडीतले काटे काढून दिलेले, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलांचं ताट साडेबाराला तयार. सासूबाईंचा शनिवार, तर त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे. कुठे मागावं लागलं नाही.

उणिवा आहेत. सौर बंबाचं पाणी आठ वाजेपर्यंत गरम होत नव्हतं. तिन्हीसांजेला खाडीकडून डास येतात, मुलांना लांब बाह्यांचे कपडे हवेतच. खोलीत मोबाइलची रेंज नाही, पडवीत येते.

बोटीचा मात्र एक प्रसंग सांगतेच. डॉल्फिन बघायला ठरवलेल्या एका बोटीवर मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट्सच नव्हती. मोठ्यांचं जॅकेट मुलीच्या अंगातून सरळ वर निघत होतं. "काही होत नाही" बोटवाले म्हणाले. आम्ही उतरलो. मे २०२२ मध्ये इथे शेजारच्याच तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट बुडून दोघांचा जीव गेलाय. मुलगा रडला, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी काकूंच्या ओळखीच्या बोटीत छोटी जॅकेट्स होती. पट्टे ओढून पाहिले, मगच बसलो.

सिंधुदुर्ग किल्ल्याला मालवणच्या जेट्टीवरून नाव जाते. आम्हाला तासाभराची मुदत मिळाली, मुलांबरोबर ती फार अपुरी. म्हणून आम्ही तट फिरायचा नाद सोडला आणि दोनच गोष्टी नीट पाहिल्या: शिवराजेश्वराचं मंदिर आणि गोड्या पाण्याच्या विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव ही नावं ऐकून मुलगी प्रत्येक विहिरीत वाकून दूध शोधत होती. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये गोडं, हे मुलाने घरी आल्यावर शाळेच्या वहीत लिहिलं.

सोमवारी अष्टमी. ओहोटी भर दुपारी बारावर गेली आणि त्या उन्हात मुलांना नेण्यात अर्थ नव्हता. आम्ही पडवीत पत्ते खेळत संध्याकाळच्या गाडीची वाट पाहिली. तुम्ही जाल तर तृतीयेला पोहोचा, म्हणजे तीन-चार सकाळी पाणी उथळ मिळेल. मुलं उशिरा उठणारी असतील तर द्वादशी-त्रयोदशी बघा, ओहोटी तीन-पावणेचारला येते आणि ऊनही कललेलं असतं. खोली सांगताना "नदीच्या अंगाची" असं स्पष्ट सांगा.