‘संपूर्ण मॉन्टेसरी किट घरपोच’: पैसे पाठवण्याआधी हे वाचा

मुलीला घरीच शिकवायचं ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न आला साहित्याचा. चांगल्या लाकडाचं मॉन्टेसरी साहित्य, म्हणजे मुलांनी हाताळून शिकायच्या वस्तू, नवं घ्यायचं तर खर्च हजारोंत जातो. अशात इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली: ३ ते ६ वयाचे सगळे पाठ मराठी-इंग्रजीत, सोबत लाकडी किट, फक्त ९,९९९ रुपये, ऑफर आज रात्रीपर्यंत. आमची यात फसवणूक झाली. तीच जाहिरात आता दुसऱ्या नावाच्या खात्यावरून आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या खात्यावरून बोलणारी बाई फार गोड होती. ‘ताई, बाळाचं वय सांगा, मी स्वतः प्लॅन बसवून देते.’ कॅश ऑन डिलिव्हरी नाही, यूपीआयने सगळे पैसे आधी. पैसे पाठवताना ॲपवर दुकानाचं नाव न येता कुणा एका माणसाचं नाव आलं. विचारल्यावर ‘आमच्या अकाउंटंटचं खातं आहे’ हे उत्तर तयारच होतं.

आधी ड्राइव्हची लिंक आली. फायली ढीगभर, पण पाठ एकही नाही, नुसत्या वर्कशीट. मॉन्टेसरीच्या पाठात साहित्य कसं मांडायचं, हात कसा फिरवायचा, आधी नाव सांगून मग ‘दाखव’ आणि शेवटी ‘हे काय?’ कधी विचारायचं, हे असतं. त्यातलं काहीच नव्हतं. पैशांच्या धड्यात अमेरिकन नाणी, ऋतूंच्या धड्यात बर्फ. दुसऱ्या कुणाच्या तरी मेहनतीची पानं नाव पुसून विकलेली. आणि ‘मराठी मुळाक्षरं’ म्हणून जे दिलं, त्यात अ अनारचा, ग गमल्याचा, आणि ‘ळ’ कुठेच नाही! हिंदीचा तक्ता मराठीच्या नावाखाली खपवलेला. मला सगळ्यात जास्त राग याचा आला.

किट म्हणून महिनाभराने एक छोटा खोका आला. त्यात पिंक टॉवर होता. खऱ्या टॉवरमध्ये १० ठोकळे असतात, १ सेंटीमीटरपासून १० सेंटीमीटरपर्यंत, प्रत्येक पुढचा बरोबर १ सेंटीमीटरने मोठा. म्हणून कोपऱ्याला कोपरा जुळवून रचलं की प्रत्येक पायरीवर सगळ्यात लहान ठोकळा नेमका बसतो, आणि मुलाला आपली चूक आपणच दिसते. मोठ्यांनी टोकावं लागत नाही. मी पट्टी लावली. मोठा ठोकळा जेमतेम ८ सेंटीमीटर, मधले दोन एकाच मापाचे. लेक ते दोन ठोकळे पुन्हा पुन्हा खालीवर करत राहिली, आणि तिचं काही चुकतच नव्हतं. ओल्या बोटाला गुलाबी रंग लागत होता. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते खोक्यावर नव्हतं. मोजायचे सोनेरी मणी, बोटाने गिरवायची खरखरीत अक्षरं, बाकीचं काहीच आलं नाही.

तक्रार केली तर बाईंनी लगेच ‘रिफंड’ कबूल केला आणि क्यूआर पाठवला: स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. नवऱ्याने तिथेच हात धरला. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. आम्ही नकार दिला आणि त्यांनी ब्लॉक केलं.

‘मॉन्टेसरी’ हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही काहीही त्या नावाने विकू शकतं. म्हणून घेण्याआधी एक पूर्ण पाठ मागा, तोही मराठी अक्षरांचा. सच्चा विक्रेता नमुन्याचं एखादं पान दाखवायला कचरत नाही. ऑनलाइन विकणाऱ्याने कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी जाहीर करायला हवा, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. जीएसटी क्रमांक दिला तर तो सरकारी पोर्टलवर टाकून बघा.

आणि खरं सांगायचं तर इतका खर्च करायचीही गरज नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या बालवाड्या खडे, पानं, बिया अशा आसपासच्या वस्तूंवर चालवल्या. आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून सँडपेपर आणून अक्षरं कापली, संख्या शिकवायला सुताराकडून १० सेंटीमीटर ते १ मीटरच्या १० पट्ट्या मापात कापून घेतल्या आणि लाल-निळ्या रंगवल्या. गोष्टींची मराठी पुस्तकं प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर फुकट आहेत, बालभारतीच्या पीडीएफही.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त. मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, बँकेला लेखी अर्ज, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आमचा तक्रार क्रमांक मिळाला आहे, पैसे अजून नाहीत. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, ॲपवर दिसलेलं नाव, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि खोक्यावरचं कुरियरचं लेबल, सगळं जपून ठेवा. खात्याचं नाव बदललं तरी बँक खातं आणि फोन नंबर बहुतेक वेळा तेच असतात.